स्टीअरिंगची घूं-घूं : आधी कान द्यावा, मग पाना उचलावा

आमच्या घरात हा आवाज सगळ्यांत आधी ऐकला तो मुलांच्या अम्मीने. शहापूरहून बाजार करून येताना आटगावच्या फाट्यावर गाडी वळली आणि त्या म्हणाल्या, "ही गाडी वळताना रडते का हो?" आम्ही काच खाली करून ऐकले, काही कळले नाही. रेडिओ चालू होता, मागे मुलांचा गोंधळ होता. "टायरचा आवाज असेल," असे म्हणून आम्ही विषय संपवला. ते दिवस जूनचे होते, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या.

जुलैमध्ये तो आवाज आमच्याही कानात शिरला. सकाळी गाडी चालू करून अंगणातून बाहेर काढताना स्टीअरिंग फिरवले की बॉनेटखालून बारीक, लांबट घूंऽऽ येई. एक्सिलरेटर दाबला की सूर चढे, सोडला की उतरे. सरळ रस्त्याला कमी, वळणावर जास्त. धाकटी मुलगी पाठीमागून त्याची नक्कल करू लागली, तेव्हा मात्र आम्हांला काळजी वाटली.

काळजीचे कारण नुसता आवाज नव्हता. अब्बांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नाशिकला ठरले होते. थोरल्या आपा तिथेच राहतात, पुढचे आठ दिवस त्यांच्याकडे काढता येणार होते. म्हणजे जाताना आणि येताना कसारा घाट. पंच्याहत्तरीचे वडील, घाटातली वळणे, शेजारून जाणारे कंटेनर, आणि रडणारे स्टीअरिंग. हा हिशेब काही केल्या जुळेना.

या आवाजाचे मूळ सापडेपर्यंत आम्ही पैसे घालवले, वेळ घालवला आणि सख्ख्या भावाला नाही नाही ते बोललो. तीच हकिकत इथे सांगतो आहोत. आज पुष्कळ घरांत जुनी का होईना, एक गाडी असते. ती चालवणारा घरातला एखादाच असतो, पण तिच्यात बसतात सगळेच. म्हणून हे सगळ्यांनीच वाचावे, असे वाटते.

दोन गॅरेज, दोन निकाल

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी एकदा पुढे-मागे केली आणि सांगितले, "रॅक गेला. पूर्ण सेट बदलावा लागेल." खर्च अठरा हजार. आम्ही विचारले, "रॅक गेला हे कशावरून?" उत्तर आले, "आवाजावरून." शिक्षकाच्या पगारात अठरा हजार हा आकडा नुसत्या आवाजावरून खर्च करण्यासारखा नव्हता. गाडी तशीच परत आणली.

दुसऱ्या गॅरेजच्या मेस्त्रींनी निदान बॉनेट तरी उघडले. पंपावर हात ठेवून ते म्हणाले, "आवाज इथूनच येतोय, पंप बदलू." जुना पंप देऊन दुरुस्त केलेला पंप बसवला. मजुरीसह साडेसहा हजार झाले. त्या संध्याकाळी आवाज खरोखर कमी झाला. आम्ही मिठाई आणली. आठव्या दिवशी पुन्हा तीच घूंऽऽ, तितकीच मोठी.

आता राग कोणावर काढायचा? आमचे धाकटे भाऊ किराणा दुकान चालवतात. भिवंडी-कल्याणहून माल आणायला हीच गाडी नेतात. आम्ही त्यांनाच धरले. "तुम्ही गोण्या भरता, खड्ड्यांतून दामटता, म्हणून हे होते," असे सगळ्यांसमोर बोललो. ते एवढेच म्हणाले, "भाईजान, गोण्या मागच्या चाकांवर असतात." आणि उठून गेले. त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी गाडीची किल्ली मागितली नाही. टेम्पो भाड्याने करून माल आणला.

त्यांचे म्हणणे बरोबर होते, हे कळायला आम्हांला पॉवर स्टीअरिंग म्हणजे काय ते आधी समजून घ्यावे लागले.

पॉवर स्टीअरिंग चालते कसे

जुन्या अॅम्बॅसेडर आणि पद्मिनी गाड्या ज्यांनी चालवल्या, त्यांना आठवत असेल की उभी गाडी वळवताना खांदे भरून येत. इंजिनचे वजन पुढच्या चाकांवर आणि ती चाके फिरवायची नुसत्या हाताच्या बळावर. या कष्टावर उपाय शोधला तो फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने. १९२६ मध्ये त्यांनी तेलाच्या दाबावर चालणारे स्टीअरिंग गाडीत बसवून दाखवले. पण ते सर्वसामान्य मोटारीत विकायला यायला १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत ते पहिल्यांदा आले.

रचना समजायला अवघड नाही. इंजिनच्या पट्ट्यावर, म्हणजे बेल्टवर, एक छोटा पंप फिरतो. वर ऑईलची एक लहान टाकी असते. टाकीतून जाड, मऊ नळीने ऑईल पंपात उतरते. पंप ते दाबून दुसऱ्या मजबूत नळीने खाली रॅककडे पाठवतो. आपण स्टीअरिंग ज्या बाजूला फिरवू त्या बाजूला तो दाब चाकांना ढकलायला मदत करतो. काम झालेले ऑईल तिसऱ्या नळीने टाकीत परत येते. पुन्हा तोच फेरा.

स्टीअरिंग शेवटपर्यंत फिरवून धरले तर हा दाब साधारण सत्तर ते एकशेवीस बारपर्यंत जातो. टायरमध्ये आपण हवा भरतो ती सुमारे दोन बारची. म्हणजे तिच्या निदान पस्तीस पट. म्हणून पंपाला ऑईल अखंड आणि शुद्ध मिळावे लागते. पंपाच्या आत एक चकती फिरते आणि तिच्या खाचांतली पाती ऑईल पुढे लोटतात. ऑईल कमी पडले किंवा त्यात हवा मिसळली, तर त्या पात्यांत बुडबुडे येतात, दाबाखाली फुटतात आणि त्यांचाच तो घूंऽऽ आवाज येतो. हे पुष्कळ दिवस चालले तर पंपाच्या धातूला बारीक खड्डे पडतात आणि चांगला पंपही खरोखर निकामी होतो.

यातली एक गोष्ट आम्हांला फार उशिरा उमगली. आवाज पंपातून येतो, एवढ्यावरून दोष पंपाचा ठरत नाही. वर्गात मूल रडत असेल तर ते रडते म्हणून त्याला शिक्षा करत नाहीत, का रडते ते विचारतात. आम्ही वीस वर्षे हे शाळेत करत आलो, गाडीच्या बाबतीत मात्र विसरलो.

फिटर चाचांचे प्रश्न

एसटीच्या डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक चाचा आमच्या ओळखीचे आहेत. आता ते गॅरेज चालवत नाहीत, कोणी फारच विनवले तर बघतात. शेवटी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतला नाही. खुर्ची मागवली, चहा मागवला आणि विचारू लागले.

"आवाज गाडी उभी असताना येतो की चालतानाच?"

"उभी असतानाही येतो."

"इंजिनबरोबर चढतो-उतरतो?"

"हो."

"स्टीअरिंग जड लागते?"

"कधी कधी. वळता वळता मध्येच झटका दिल्यासारखे होते."

"खाली ऑईल पडते?"

"एक थेंब नाही."

"टाकीत ऑईल किती वेळा भरले?"

"थोडेसे, एकदाच."

मग त्यांनी आम्हांला निरुत्तर करणारा प्रश्न विचारला. "आवाज पहिल्यांदा आला त्याच्या आधी गाडीचे कोणते काम केले होते?"

आम्ही म्हणालो, काहीच नाही. चाचा म्हणाले, "सर, आठवून सांगा. गाडी उगीच आजारी पडत नाही."

घरी येऊन विचारले तर मुलांच्या अम्मीने हिशेबाची वही काढली. त्या दूध, भाजी, फी, औषधे सगळे तारीखवार लिहितात. वहीत मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक ओळ होती : रेडिएटरचा पाईप बदलला, मजुरीसह बाराशे. सुटीत मुरबाडकडे लग्नाला जाताना गाडी गरम झाली होती आणि वाटेतच एका ठिकाणी काम करून घेतले होते. आम्ही ते साफ विसरलो होतो. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्यांनी तो आवाज ऐकला होता.

चाचांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली. "आता बॉनेट उघडा."

दोष सापडला

त्यांनी गाडी चालू करायला लावली आणि स्टीअरिंग दोन-तीन वेळा दोन्हीकडे फिरवायला सांगितले. मग टाकीचे झाकण उघडून आत बॅटरीचा उजेड मारला. ऑईल लाल दिसायला हवे होते. ते फिकट गुलाबी, फेसाळ दिसत होते, मिल्कशेकसारखे. चाचांनी काठीवर ऑईलची पातळी दाखवली आणि इंजिन बंद करायला सांगितले. बंद करताच पातळी बोटभर वर चढली. "पाहिलंत? आत हवा दबून बसली आहे. दाब गेला की ती फुगते आणि ऑईल वर उचलते. पंप बिचारा हवा चावतोय."

पण हवा शिरते कुठून? ऑईल कुठे गळत नसताना हवा आत कशी जाईल, हा आमचा प्रश्न होता. चाचांचे उत्तर आम्ही आता विज्ञानाच्या तासालाही सांगतो. पंपाच्या पुढच्या नळीत दाब असतो, तिला छिद्र पडले तर ऑईल बाहेर उडते. पण टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत दाब नसतो, ओढ असते. स्ट्रॉने सरबत पिताना स्ट्रॉला बारीक चीर असली तर सरबत बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसेच हे.

ती जाड नळी पंपाला जिथे मिळते, तिथे स्प्रिंगची जुनी क्लिप होती. रेडिएटरचा पाईप काढताना ती नळी बाजूला वाकवली गेली असणार. इंजिनच्या उष्णतेने वर्षानुवर्षे कडक झालेले रबर तोंडाशी बारीक तडकले होते. बोटाने वाकवल्याशिवाय ती चीर दिसत नव्हती. खात्री करायला चाचांनी त्या सांध्याभोवती ग्रीसचा जाड थर लावला आणि गाडी चालू केली. मिनिटा-दोन मिनिटांत आवाज निम्म्यावर आला. ग्रीसने चीर तात्पुरती बुजवली होती.

दुसरी गोष्ट टाकीच्या तळाशी सापडली. तिथे एक बारीक जाळी असते. आमच्या जाळीवर काळा गाळ बसला होता. गाडी घेतल्यापासून ते ऑईल कोणी बदललेच नव्हते. एकीकडून हवा, दुसरीकडून अर्धी बुजलेली जाळी. नवा पंप बसवला तरी त्याला तेच भोगणे होते. पंप बदलताना नळ्या हलल्या, ताजे ऑईल पडले, म्हणून आठ दिवस बरे वाटले, एवढेच. ते मेस्त्री काही लबाड नव्हते. त्यांनी आवाजाची जागा शोधली, कारण शोधले नाही.

दुरुस्ती कशी केली

आमचे भाऊ त्या दिवशी दुकान बंद करून आपण होऊन आले आणि चाचांच्या हाताखाली उभे राहिले. काम तीन तासांत झाले. क्रम असा होता :

१. जुनी नळी काढून त्याच मापाची, ऑईलला टिकणारी नवी नळी बसवली. चाचांनी हे बजावून सांगितले की इथे पाण्याची किंवा रेडिएटरची नळी कापून लावू नये. ऑईलने तिचे रबर फुगते, सुटते आणि कण पंपात जातात. दोन्ही टोकांना स्क्रूच्या नव्या क्लिपा लावल्या.

२. टाकी काढून धुतली, जाळी साफ केली, पूर्ण वाळवली. काही गाड्यांत जाळी टाकीतच घट्ट बसवलेली असते. ती साफ होत नसेल तर टाकीच बदलावी लागते.

३. पुढची चाके जॅकने उचलून खाली स्टँड लावले. मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नये.

४. परतीची नळी एका बाटलीत सोडली, टाकीचे ते तोंड बंद केले आणि इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवत जुने ऑईल बाहेर काढले. वरून नवे घालत राहिलो. स्वच्छ लाल ऑईल बाटलीत उतरेपर्यंत हे केले.

५. नळी परत जोडून टाकी भरली. इंजिन बंदच. स्टीअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवले. प्रत्येक फेरीला टाकीत बुडबुडे येत होते. पातळी खाली गेली की भाऊ ऑईल घालत होते.

६. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू केले, एक्सिलरेटर न दाबता पुन्हा काही फेऱ्या केल्या. टोकाला स्टीअरिंग धरून ठेवले नाही. थोडा फेस दिसला तेव्हा चाचांनी इंजिन बंद करून अर्धा तास थांबायला सांगितले. "हवेला वर यायला वेळ द्या," म्हणाले. मग पुन्हा एकदा.

या कामातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हा सहावा आहे आणि घाईत नेमका तोच टाळला जातो. हवा राहिली तर नव्या नळीनंतरही आवाज येतो आणि मालकाला वाटते, दुरुस्ती फसली. आमच्याही गाडीत पुढचे दोन-तीन दिवस सकाळी किंचित गुणगुण होती. नंतर ती आपोआप गेली.

एकूण खर्च झाला चौदाशे पन्नास रुपये. त्यात नळी, क्लिपा, दोन लिटर ऑईल आणि आम्ही आग्रहाने दिलेली मजुरी आली. काढलेले काळे ऑईल भावाने डब्यात भरून जुने ऑईल घेणाऱ्याकडे दिले. आपल्याकडे ते नाल्यात ओतायची फार वाईट सवय आहे. तोच नाला पुढे कोणाच्या तरी भातात आणि विहिरीत जातो.

कोणता आवाज काय सांगतो

चाचांनी त्या दिवशी सांगितलेले आणि नंतर आम्ही पडताळून पाहिलेले इथे एकत्र देतो.

घूंऽऽ असा लांब आवाज, इंजिनबरोबर चढणारा, वळवताना वाढणारा : ऑईल कमी, ऑईलमध्ये हवा, जाळी बुजलेली किंवा शेवटी पंप झिजलेला. तपासणी याच क्रमाने करावी. स्वस्त कारण आधी, महाग कारण शेवटी.

चींऽऽ अशी किंचाळी, सकाळी गाडी चालू करताना किंवा स्टीअरिंग टोकाला नेल्यावर : बेल्ट सैल किंवा झिजलेला.

स्टीअरिंग अगदी टोकाला धरल्यावर सुस् असा आवाज : जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह आपले काम करतो आहे. हा दोष नाही. पण पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त तसे धरू नये, ऑईल तापते.

खड्ड्यात टक-टक : टाय रॉड, बॉल जॉइंट किंवा बुश. याचा पंपाशी संबंध नाही आणि यात चालढकल तर मुळीच करू नये.

गाडी उभी असताना नाही, वेगाबरोबर वाढते ती घरघर : चाकाचे बेअरिंग किंवा टायर.

स्टीअरिंग फिरवा न फिरवा, इंजिनबरोबर सारखाच येणारा आवाज : अल्टरनेटरचे किंवा बेल्टच्या पुलीचे बेअरिंग असू शकते.

घरच्या घरी काय पाहावे

गाडी सपाट जागी उभी करून, गिअर काढून, हँडब्रेक ओढून एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेर कान द्यावा. ओढणी, दुपट्टा, सदऱ्याची बाही फिरत्या बेल्टपासून लांब असावी. ऑईलच्या टाकीवर कमाल आणि किमान खुणा असतात. काही टाक्यांवर थंड आणि गरम अशा वेगळ्या खुणा असतात. रंग लाल-स्वच्छ आहे की काळा, जळका वास येतो का, फेस आहे का, एवढे कोणीही पाहू शकते. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. सकाळी डाग कुठे पडला ते पाहून गळती कोणत्या बाजूची ते कळते. चालू इंजिनवर नळीवरून बोट फिरवून गळती शोधू नये, दाबाने उडालेले गरम ऑईल कातडीत शिरू शकते.

कोणते ऑईल घालायचे हे गाडीच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. बऱ्याच गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल ऑईल चालते, पण सगळ्यांना नाही. म्हणून वाचूनच घालावे. ब्रेक ऑईल मात्र चुकूनही घालू नये. त्याने पॉवर स्टीअरिंगची रबरी सीले फुगून खराब होतात आणि मग खरोखरच रॅक बदलायची पाळी येते.

तुमची गाडी अलीकडची आणि लहान असेल तर तिच्यात ही टाकी कदाचित सापडणारच नाही. तिचे स्टीअरिंग विजेच्या मोटरवर चालते. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्वो गाडीत ते पहिल्यांदा आले आणि आता लहान गाड्यांत तेच जास्त दिसते. त्यात ऑईल नाही, पंप नाही. मोटरचा हलका सूर नेहमीचाच असतो. आवाज अचानक वाढला, स्टीअरिंग जड झाले किंवा समोर स्टीअरिंगचे चिन्ह पेटले तर आधी बॅटरी तपासून घ्यावी. बाकीचे काम कॉम्प्युटर लावून पाहणाऱ्याकडेच न्यावे.

घाटात एवढे लक्षात असू द्या

पंप बंद पडला किंवा बेल्ट तुटला तर स्टीअरिंग अडकत नाही, फार जड होते. हे माहीत नसलेला माणूस घाबरून हात सोडतो. दोन्ही हातांनी जोर लावला तर गाडी वळते. वेग कमी करून, इंडिकेटर देऊन, कडेला घ्यावी. त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही असेल तर इंजिन लगेच बंद करावे.

आणि एक सवय, जी आम्ही कसारा आणि माळशेज दोन्ही घाटांत पाहतो. डिझेल वाचवायला काही जण उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतात. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, स्टीअरिंग जड. ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीनदा पेडल दाबले की संपते. चुकून किल्ली निघाली तर स्टीअरिंगचे लॉक पडू शकते. चार चमचे डिझेलसाठी मागे बसलेल्या माणसांचे जीव पणाला लावण्यासारखे आहे हे. प्रवासी ही अमानतच असते, मग ते आपले आईवडील असोत की वाटेत हात दाखवणारा अनोळखी माणूस.

शेवटचा हिशेब

काम झाले त्या संध्याकाळी चाचा म्हणाले, "एक चक्कर मारून या." आम्ही किल्ली भावाच्या हातात दिली. रेल्वे फाटकाच्या बाजूला वळताना त्यांनी काच खाली केली, रेडिओ बंद केला. आवाज नव्हता. थोडे पुढे गेल्यावर आम्ही म्हणालो, "आम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो, ते चुकले. माफ करा." ते हसले. म्हणाले, "भाईजान, गोण्यांचे भाडे मात्र टेम्पोवाल्याला गेले, ते कोण देणार?" आम्ही दिले. तेही या आवाजाच्याच खर्चात धरतो.

नाशिकला भाऊच गाडी घेऊन गेले. अब्बा पुढे बसले होते. घाटात वळणावर ते दोनदा म्हणाले, "गाडी आता बोलत नाही." ऑपरेशन व्यवस्थित झाले, अल्हम्दुलिल्लाह. परतताना त्यांनी इगतपुरीच्या डोंगरावरचे धुके स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

मुलांच्या अम्मीच्या वहीत आता गाडीसाठी वेगळे पान आहे. कोणते काम केव्हा केले, कोणते ऑईल घातले, किती किलोमीटरवर, आणि शेवटी एक रकाना : "नवीन आवाज." गॅरेजला जाताना ते पान बरोबर नेतो. मेस्त्रींना आधी विचारतो, "कारण काय आणि ते कशावरून?" काढलेला जुना भाग हातात मागून घेतो. मागच्या महिन्यात त्या रकान्यात धाकटीने पेन्सिलने लिहिले आहे : "मागचे दार कुईं करते." तेल घालायचे आहे.